राखणीचा नारळ, एक ते सात

गेल्या नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, दिवस मावळण्याआधी, तोंडवलीतल्या आमच्या घराची राखण दिली गेली. नारळ मी ठेवला. गाऱ्हाणं मी घातलं. त्या वेळी आवारात दुसरं कोणी नव्हतं.

बाहेरच्या वाचकासाठी एवढी माहिती पुरेल. इथे प्रत्येक घराच्या आवाराला एक राखणदार असतो असं मानतात. वर्षातून एकदा त्याच्या दगडापुढे नारळ ठेवायचा. घरातल्या कर्त्या पुरुषाने मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घरात कोण कोण आहे ते सांगून त्यांची जबाबदारी राखणदारावर सोपवायची. हजर असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नंतर नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे शेजारी द्यायचे. शेजाऱ्याने तुकडा घेतला की राखण पोचली असं धरतात.

ज्या घराची राखण दिली जात नाही त्याला वाडीत बंद घर म्हणतात. कुलूप असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या मागच्या बाजूला एका घरात एक बाई बरीच वर्षं एकटी राहत होती. अंगण सारवायची, संध्याकाळी दिवा लावायची. तरी रस्ता विचारणाऱ्याला लोक सांगायचे, ‘त्या बंद घराच्या अंगान जा.’ ती वारल्यावर नावात काही बदल करावा लागला नाही.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर उपसंपादक होते. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडून गावी आले. आई आधीच गेली होती, भावंड नाही, लग्न केलेलं नाही. डेस्कवर माझ्याबद्दल ‘पुरुषासारखं काम करते’ असं म्हणत, आणि ते कौतुक असे. इथे वडिलांना उठवणं, धुणं, भरवणं सुरू झालं तेव्हा शेजारची काकी म्हणाली, ‘बाये, झिलासारखां करतंस गो बापाशीचां.’ तेही कौतुकच होतं. मी जे करत होते ते वाडीतला एकही मुलगा आपल्या बापासाठी करत नव्हता. सगळीकडे सुना करत होत्या.

आजारपणातही वडिलांनी राखण चुकवली नाही. मी त्यांना खुर्चीसकट कुंपणाच्या कोपऱ्यात, सुरंगीच्या झाडाखालच्या दगडापर्यंत नेत असे आणि मागे होऊन विहिरीजवळ थांबत असे. राखणीपुढे बायका उभ्या राहत नाहीत. वडिलांचे शब्द अर्धे पडायचे. शेजारचे काका प्रत्येक अर्ध्या शब्दाला पूर्ण ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. वडील गेले ते त्याआधीच्या वर्षीच्या पावसात. त्या वर्षी दुखवट्यामुळे राखण दिली नाही. पुढच्या वर्षी द्यायला हवी होती.

दिवाळीच्या आधी मी काकांना विचारलं, मी गाऱ्हाणं घातलं तर ते व्हय म्हणतील का.

काकांचा जन्म किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढण्यात गेला. आता मुलगा पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि काका त्याची जाळी-दोर बघतात. ते दोर गुंडाळत होते. म्हणाले, “बायलमाणसाच्या गाऱ्हाण्याक व्हय म्हटलेलां माका आठवत नाय.”

“पण म्हणाल का?”

“वायट म्हणान सांगत नाय. आठवत नाय, येवढांच सांगतंय. तुझो तो चुलतभाव आसा ना ठाण्याक? त्येका बोलव. बापयो येक व्हयो.”

चुलतभाऊ माझ्याहून बराच लहान. त्याने आयुष्यात गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं. रजा नाही, पण व्हिडिओ कॉलवर घालतो, असं त्याने कळवलं. काकांनी थोडा विचार केला आणि चालेल म्हणाले.

याच दिवसांत ती विद्यार्थिनी आली.

तिचं घर आरोंद्याला, वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे राहणं ओरोसच्या क्वार्टर्समध्ये. मानसशास्त्रात एम.ए. करत होती. एसटीने फाट्यावर उतरून चालत वाडीत आली होती. किनाऱ्यावरच्या गावांतल्या स्त्रियांमध्ये पुरुषी आणि स्त्रैण मानले जाणारे गुण किती प्रमाणात आहेत, ते तिला मोजायचं होतं. मी पूर्वी वर्तमानपत्रात होते हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. बायकांना शब्द समजावून सांगायला माणूस हवं, म्हणून ती आधी माझ्याकडे आली.

तिच्याकडे गुणविशेषांची यादी होती. ठाम. मायाळू. स्वावलंबी. लाजरी. जोखीम पत्करणारी. दुसऱ्याचं दुःख ओळखणारी. प्रत्येकापुढे एक ते सात आकडे. अजिबात लागू नसेल तर एक, नेहमीच लागू असेल तर सात. यादीतले काही शब्द पुरुषी गणले जातात, काही स्त्रैण, काही कुठलेच नाहीत. ते आळीपाळीने मिसळलेले असतात, त्यामुळे भरणाऱ्याला कळत नाही. नंतर दोन वेगळ्या बेरजा करतात.

मी विचारलं, “दोन कशाला? एक वाढला की दुसरा कमीच होणार.”

“पूर्वी तसंच समजायचे, मॅडम. एकाच पट्टीची दोन टोकं. आता दोन वेगळ्या पट्ट्या धरतात. माणूस दोन्हीत वर असू शकतो. त्याला उभयगुणी म्हणतात. दोन्हीत खालीही असू शकतो.”

“त्याला काय म्हणतात?”

“त्यालाही शब्द आहे. पण तो लोकांना आवडत नाही.”

काकीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दुपारी पाच-सहा बायका सुंगटं, सुकवलेली कोळंबी, निवडत बसल्या होत्या. विद्यार्थिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. ती प्रमाण मराठीत शब्द वाचायची, मी मालवणीत सांगायचे, बायका आकडा सांगायच्या आणि ती जिच्या तिच्या कागदावर लिहायची. बायकांचे हात सुंगटांत होते.

“ठाम,” ती म्हणाली.

“एकदा बोललां की बोललां, मागे फिरायचां नाय,” मी सांगितलं.

“मगे सात लिव,” काकी म्हणाली. “आमच्या घरात बोललां की बोललां.”

“घरात नाही काकी. तुम्ही स्वतः.”

“मी काय घराभायर आसंय?”

पुढचा शब्द जोखीम पत्करणारी. काकी म्हणाली, “होडी घेतली तेवा कर्ज कोणी काढल्यान? आमीच ना? सात.” सही काकांची होती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. शेजारची सून म्हणाली, “आमचां पण सात. आमचो घोव दुबईक गेलो.”

“नवरा गेला. तुम्ही जोखीम घेतली का?”

“तो गेलो म्हणजे मी रवलंय ना हयसर. ती काय जोखीम नाय?”

विद्यार्थिनीने सात लिहिले.

“लाजरी,” ती म्हणाली, आणि खळं हसण्याने भरलं.

“शून्य आसा काय गो त्यात?”

“नाही, एकपासून आहे.”

“मगे हिचां येक लिव. लग्नाच्या पंगतीत सासऱ्याक म्हणालेली, भात कच्चो आसा.”

“कच्चोच होतो!” ती सून म्हणाली.

मग आक्रमक हा शब्द आला. काकी म्हणाली, ‘ता माका नाय कळणा, ह्येंका इचार.’ काका कुंपणाशी जाळ्याची भोकं शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “माका कित्याक इचारतास? सात. धा आसलां तर धा लिव.”

“बघ!” काकी म्हणाली. “चार बायकांत बोलता कसो. घरात शब्द फुटणा नाय.”

सगळ्यांचे कागद एका दुपारी भरून झाले. माझा मी घरी नेला. बातमीतलं विधान दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही, ही डेस्कची सवय होती. प्रत्येक शब्दासाठी मी अलीकडच्या दोन घटना शोधल्या. सापडल्या तरच आकडा वर चढवला. स्वावलंबी, निर्णय घेणारी, एकटीने काम निभावणारी, हे लवकर झालं. विहिरीचा पंप मी काढून दुरुस्तीला नेला होता, छपराची कौलं परतून घेतली होती.

दुसऱ्या प्रकारचे शब्द मला वेळ लावत होते. मायाळू, दुखावलेल्याची समजूत काढणारी, दुसऱ्याला काय हवं ते न सांगता ओळखणारी. या प्रत्येकासाठी समोर कोणीतरी असावं लागतं. मी विद्यार्थिनीला फोन करून विचारलं, “माणूसच समोर नसेल तर काय लिहायचं?”

ती म्हणाली, “सर्वसाधारणपणे तुम्ही कशा आहात ते लिहा.”

मी वडील असतानाच्या घटना धरल्या. त्यांना बोलता येत नसे तेव्हा पाणी हवंय की कूस बदलायची आहे हे मला डोळ्यांवरून कळत असे. तिथे सात लिहिले. त्यांना आंघोळ घालताना पाणी आधी माझ्या मनगटावर घेत असे. तिथेही सात. भरलेला कागद टपालाने तिला पाठवला.

राखणीच्या दोन दिवस आधी विद्यार्थिनी पुन्हा आली. ओट्यावर बसून तिने पाणी घेतलं आणि म्हणाली की तिच्या मार्गदर्शक बाईंनी वाडीतले सगळे कागद बाद केले.

“कशामुळे?”

“सगळ्या बायका उभयगुणी निघाल्या. एकही सुटली नाही. बाईंना शंका आली, म्हणून त्यांनी मला विचारलं, कसे भरून घेतलेस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे बायकांचे कागद नाहीत, घरांचे आहेत. नवऱ्याचा ठामपणा आणि बायकोची माया एकाच कागदावर आली आहे.”

मी विचारलं की शब्द मी चुकीचे सांगितले का. ती नाही म्हणाली. ‘तुम्ही’ हा शब्द बायकांनी चुकीचा ऐकला असंही नाही, त्यांनी तो घरातल्या सगळ्यांसाठी घेतला, असं ती म्हणाली. मग तिने पिशवीतून माझा कागद काढला.

“तुमचा एकच चालला. एका माणसाने स्वतःबद्दल भरलेला. तुम्ही खऱ्या उभयगुणी आहात, मॅडम. दोन्ही बेरजा वर आहेत. हे चांगलं मानतात. अशी माणसं कुठल्याही परिस्थितीत निभावतात, असं म्हणतात.”

“मग आता काय करशील याचं?”

“एका कागदावर संशोधन होत नाही. दुसऱ्या गावात जाईन. या वेळी एकेकीला वेगळं बसवून.”

मी तिला सांगितलं की त्या कागदावरची दुसरी बेरीज गेल्या वर्षापर्यंतची आहे. त्यातला प्रत्येक सात वडिलांवरून लिहिलेला आहे. ते नसताना काय आकडा येईल ते मला माहीत नाही, कारण तपासायला जागा नाही. म्हणजे मीही घराचाच कागद भरला होता. दोन माणसांच्या घराचा.

तिने दुसऱ्या बेरजेवर बोट ठेवलं.

“मग तुमचाही बाद होईल.”

“कर.”

“नको,” ती म्हणाली. “एक तरी राहू दे.” कागद तिने परत पिशवीत ठेवला. जाताना मी तिला शहाळं दिलं. एसटी चुकू नये म्हणून ते तिने हातात धरूनच नेलं.

बुधवारी काका चार वाजता आले. अंगात धुतलेला सदरा होता. आमच्याकडे मोबाइलला रेंज विहिरीजवळ असते, सुरंगीखाली येते-जाते. मी फोन काकांच्या हातात दिला, दगडापुढे नारळ ठेवला आणि विहिरीकडे मागे झाले. वडील घालत ते गाऱ्हाणं मी चुलतभावाला आठवून टाइप करून पाठवलं होतं. तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता. आवाज फार खाली होता.

“बा राखणदारा म्हाराजा,” तो वाचू लागला.

“बाबा, जरा मोठ्यान,” काका फोनला म्हणाले. “राखणदार हय सुरंगीखाली आसा. तुझ्या जिन्यात नाय.”

“काका, इथे लोक आहेत.”

“आसूं देत. तेंका पण राखतलो.”

त्याने आवाज थोडा चढवला. “ह्या जाग्याचो, ह्या आवाराचो तू धनी.”

“व्हय म्हाराजा!”

“आज जो काय नारळ तुझ्याम्होरे ठेवलो हा, तो मानून घे. ह्या घरातल्या चाकर...” चित्र थांबलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

काकांनी फोन उंच धरला, मग खाली घेतला, मग माझ्याकडे बघितलं. “तोंड उघडां ठेवन खंय गेलो ह्यो?”

मी पुन्हा लावला. लागला नाही. तेवढ्यात काकांचा स्वतःचा फोन वाजला. मुलाचा होता. पर्यटक उतरवायचे होते आणि होडी वाळूवर घ्यायला माणूस कमी पडत होता. काका फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “बाये, मी इलंय. तोवर गावलो तर धरून ठेव.” आणि ते किनाऱ्याकडे गेले.

चुलतभावाचा संदेश आला: ‘मीटिंग सुरू झाली ताई. उद्या करूया?’

ठेवलेला नारळ उचलत नाहीत. गाऱ्हाणं तिन्हीसांजेच्या आत पुरं व्हावं लागतं. मी विहिरीजवळ थांबले. काकीच्या स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता, तिच्याकडे मुक्कामी पाहुणे होते. तिला मी हाक मारली नाही. सूर्य सुरूच्या झाडांमागे गेला तरी काका आले नाहीत, तेव्हा मी दगडापुढे जाऊन उभी राहिले.

डेस्कवर माझा आवाज कधी चढत नसे. इथे चढवावा लागला. पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबले, वडील थांबत तेवढीच. दूरवर होडीच्या इंजिनाचा आवाज होता. मग ‘व्हय म्हाराजा’ मीच म्हटलं, खालच्या आवाजात, आणि पुढच्या वाक्याला लागले.

पुढे घरातल्यांची मोजदाद येते. वडील म्हणायचे: ह्या घरातल्या चाकरमान्यांका, सुनांका, पोराबाळांका, गुराढोरांका सुखी ठेव. आमच्या घरात चाकरमानी नाही. सुना नाहीत. पोरं नाहीत. गुरं वडिलांच्या आजारपणातच विकली. जे नाही ते म्हणणं मला जमलं नाही. एकेक शब्द गाळत गेले तर वाक्यात मी उरले. ते फार लहान वाटलं म्हणून पुढे विहीर घातली, पाणी आटू देऊ नकोस म्हणून. व्हय म्हाराजा. चूकभूल पदरात घे. व्हय म्हाराजा.

नारळ दगडावर आपटला. पहिल्या वेळी फुटला नाही, दुसऱ्या वेळी फुटला. दोन्ही भकलं सारखी नव्हती.

अंधार पडल्यावर काका बॅटरी घेऊन आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. बॅटरीचा झोत दगडावर, मग भकलांवर गेला.

“झालां?”

“झालां.”

“तो गावलो?”

“नाय.”

“व्हय कोणी म्हटलां?”

“मीच.”

“मोठ्यान?”

“गाऱ्हाणां मोठ्यान. व्हय बारीक.”

“होडी रुतलेली,” ते म्हणाले. मग बॅटरी विझवली आणि आपल्या घराकडे गेले. तुकडा त्यांनी मागितला नाही. मीही पुढे केला नाही, कारण तुकडे शेजारी घरी नेऊन द्यायचे असतात.

सकाळी मी खोबऱ्याचा तुकडा केळीच्या पानात घेऊन काकीकडे गेले. काका समुद्रावर गेले होते. काकी मागच्या पडवीत विळीवर बांगडे कापत बसली होती. तिने पानाकडे बघितलं.

“ह्यां कोणाच्या गाऱ्हाण्याचां?”

“माझ्या.”

“ह्ये सांगी होते राती.” तिने एक बांगडा संपवला. “कोणाकोणाचां नाव घेतलंस?”

“माझां. आणि बावीचां.”

“बावीचां!” ती हसली. “गुरांचां नाय?”

“गुरां नाय हत.”

“शेजाऱ्यांचां घेवचां मगे. तेवडीच माणसां वाढली असती.” तिने दुसरा बांगडा उचलला आणि परत टोपात टाकला. “हात खराब आसत. थंय खिडकीर ठेव.”

मी ठेवला नाही. पान हातात धरून उभी राहिले. काकीने माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे.

“थांब वायच,” ती म्हणाली.

ती उठली, नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि गाऊनला पुसले. मग उजवा तळहात पुढे केला. तुकडा घेतला, आत नेला आणि चुलीवरच्या फळीवर वाटीखाली झाकून ठेवला. तो खाताना मी तिला पाहिलेलं नाही.